कपाटाची मालकीण

"मी भांडणं मिटवते," असं मी कुणाला सांगितलं की माझा नवरा आधी पोट धरून हसून घेतो. त्याचं म्हणणं, जिला दुकानदाराशी हुज्जत घातल्याशिवाय साधं दूध आणता येत नाही, तिला या कामावर ठेवणाऱ्याचे पाय धरायला हवेत. हसू दे. ठेवलंय मला, आणि चांगली टिकलेही आहे.

आमचं दुकान इंटरनेटवरचं. पैसे भरायचे, प्रश्न विचारायचा, आणि आमच्याकडे नाव नोंदवलेला कुणीतरी जाणकार उत्तर देतो. नळवाले आहेत, जनावरांचे डॉक्टर आहेत, माळी, वकील, शिवणकाम करणाऱ्या बायका, सगळे आहेत. नोकर कुणीच नाही. आपापल्या घरी बसून, सवड मिळेल तशी उत्तरं देतात. उत्तर पटलं नाही की गिऱ्हाईक तक्रार करतं, आणि तक्रार आली की ती माझ्या टेबलावर. टेबल म्हणजे आमचं जेवायचंच टेबल. एका टोकाला माझा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला न घडी घातलेले कपडे.

काय एकेक तक्रारी येतात म्हणून सांगू! एका बाईने विचारलं, माझं मांजर माझ्यावर रागावलंय का? डॉक्टरांनी लिहिलं, नाही, त्याला भूक लागली असेल. बाई पेटली. म्हणाली, मी मनाबद्दल विचारलं होतं, पोटाबद्दल नाही, पैसे परत द्या. एकाला माळ्याने सांगितलं, गुलाबाला पाणी कमी घाला. याने बंदच केलं. गुलाब गेला, आणि हा माळ्याला खुनी म्हणून मोकळा. माझी पद्धत सोपी आहे. आधी गिऱ्हाइकाची बाजू घेऊन जाणकाराला मनातल्या मनात भरपूर शिव्या घालायच्या, मग बाजू बदलायची. दोन्हीकडच्या शिव्या संपल्या की डोकं आपोआप थंड होतं आणि निकाल सुचतो. माझ्यासारख्या तापट बाईला यापेक्षा चांगलं काम मिळालं नसतं.

आता सासऱ्यांचं सांगते.

माझे सासरे कुलूपवाले. आख्खा जन्म एका जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात काढला. भिंतभर खिळे, खिळ्याखिळ्याला चाव्या, आणि मधे एक स्टूल. पुढे हात थरथरायला लागले. चावीचं टोक कुलपाच्या तोंडाशी जाऊन नुसतं नाचायचं, आत शिरायचं नाही. तेव्हा एक दिवस त्यांनी स्वतःच्याच दुकानाला कुलूप लावलं आणि घरी येऊन बसले. बसले म्हणजे बसलेच, खिडकीकडे तोंड करून. चहा दिला, "हं." बाहेर फिरून येता का, "हं." त्या दिवसांत त्यांच्या तोंडून "हं" सोडून दुसरा शब्द निघाला तर मी नवऱ्याला फोन करून कळवायची.

मला असली माणसं सहन होत नाहीत. मी एक दिवस त्यांना न विचारता त्यांचं नाव आमच्या दुकानात नोंदवून टाकलं आणि कानाला हेडफोन लावून दिला. "बाबा, लोक कुलपांबद्दल विचारतील. तुम्ही नुसतं बोलायचं. हाताचं काही काम नाही."

"मला कोण विचारतंय?" म्हणाले.

विचारायला लागले की लोक! कुणाची पेटी, कुणाचं फाटक, कुणाच्या सुटकेसचे आकडे विसरलेले. बाबा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसायचे. कॅमेरा बंद असायचा, पण शर्ट इस्त्रीचाच. मग चहात साखर कमी आहे म्हणून माझ्यावर खेकसायला लागले. इतका आनंद झाला मला त्या खेकसण्याचा की मी मुद्दाम दोन दिवस साखर कमी घातली.

पण बाबांचे दोन नेम होते, त्यांच्या वडिलांनी घालून दिलेले. पहिला, मालकाने सांगितल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. मालक समोर नसेल तर घरातलं किंवा शेजारचं माणूस उभं करायचं, त्याने सांगायचं की होय, हा ह्याच घरचा. दुसरा नेम त्याहून नमुनेदार. कुलूप सुटलं की कुलूपवाल्याने मागे सरायचं आणि पाठ फिरवायची. दार मालकाने ओढायचं. आत काय आहे ते आपण बघायचं नाही. एकदा माझ्याच कपाटाची चावी हरवली होती. बाबांनी मला कुठे काय दाबायचं ते सांगितलं, कुलूप सुटलं, आणि हे वळून भिंतीकडे बघत उभे. मी म्हटलं, "अहो बाबा, आत तुमच्या मुलाचे बनियन आहेत!" तरी वळले नाहीत.

दुसऱ्या नेमाचा आमच्या दुकानात कुणाला त्रास नव्हता. पहिल्याने मात्र नाकी नऊ आणले. लोक पैसे भरतात ते उत्तरासाठी, आणि बाबा उलटे प्रश्न विचारत सुटायचे. पेटी कुणाची? तुमची कशावरून? घरात दुसरं कोण आहे, त्यांना फोनवर द्या. लोक चिडायचे. दोन तक्रारी आल्या आणि दोन्ही खऱ्या ठरल्या, कारण आमच्या नियमात उत्तर म्हणजे उत्तर. तिसरी खरी ठरली की खातं बंद, आणि एकदा बंद झालं की पुन्हा उघडत नाही. मी बाबांना सांगून थकले. "बाबा, जरा कमी विचारा हो." ते म्हणायचे, "विचारणं हेच तर काम आहे. उघडता कुणालाही येतं."

आणि मग तिसरी तक्रार आली.

तक्रार दोन-तीन ओळींचीच होती. "माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. तुमच्या कुलूपवाल्यांनी मला माझ्या आईसमोर चोर म्हटलं. मला पैसे परत नकोत. त्यांनी तो शब्द आईसमोर परत घ्यावा."

नातेवाइकाचं प्रकरण आपण हाताळायचं नसतं, म्हणून मी लगेच आमच्या मोठ्या बाईंना फोन लावला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. कमी बोलतात आणि बोलताना खोकतात.

"दुसऱ्या कुणाला द्या हे," मी म्हटलं.

"दुसरं आहे कोण? एक बाळंतपणाला गेलीय, एकाचा पाय प्लास्टरमध्ये आहे. ऐकून तू घे. कॉलवर मी असेन, निकाल मी देईन." मग खोकून म्हणाल्या, "आणि सासऱ्यांचे लाड नकोत. शब्द परत घेतला तर बघू. नाही घेतला तर खातं बंद."

आमचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात. मी ऐकायला बसले. या वेळी उलटं, आधी बाबांची बाजू घेऊन सुरुवात केली, म्हणजे त्या बाईला मनातल्या मनात शिव्या घालायला.

आवाज चांगला होता बाईचा, थकलेला पण चांगला. लोखंडी कपाट आहे, म्हणाली. चाव्यांचा जुडगा पिठाच्या डब्यात सापडला, पण एकही चावी फिरत नाही. बाबांनी विचारलं, कपाट कुणाचं? आईचं. आई कुठे आहेत? घरातच. मग त्यांना द्या फोनवर. यावर ती घुटमळली. "तिला कशाला त्रास?" म्हणाली. बाबांचा आवाज लगेच कडक झाला. "बाई, कपाट त्यांचं. त्यांनी सांगितलं तर मी पुढे बोलेन."

मग बराच वेळ नुसती खुडबुड. मग एक म्हातारा आवाज. बाबांनी विचारलं, "मालकीणबाई, या तुमच्या कोण?"

"कोण, ही? मला नाही हो माहीत. सारखी माझ्या कपाटाशी झोंबत असते."

आणि बाबांचा स्फोट झाला. "लाज वाटत नाही? म्हाताऱ्या माणसाच्या घरात शिरून चोरी करता? मी चोरांना वाट दाखवत नसतो!" कॉल तुटायच्या आधी तिकडून फक्त एक शब्द ऐकू आला. "आई," एवढंच.

बाजू बदलायची वेळ आली, पण शिव्या काही सुचेनात. मी हेडफोन काढून ठेवला आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागले. माझा नवरा आत आला, मला घड्या घालताना पाहिलं आणि घाबरून म्हणाला, "काय झालं?"

मी त्या बाईला फोन केला. ती काही भांडखोर नव्हती. उलट मलाच म्हणाली, तुमचा वेळ घेतेय, माफ करा. मग हळूहळू सांगायला लागली. आईला आता काही आठवत नाही. मुलीचा चेहराही नाही. रोज दुपारी ती त्या कपाटापुढे जाऊन उभी राहते, दारावर हात आपटते आणि रडते. म्हणते, पोरगी शाळेतून यायची वेळ झाली, तिचा स्वेटर आत अडकलाय, बाहेर गार वारा सुटलाय, पोरगी काकडत असेल.

"ती पोरगी म्हणजे मीच," ती म्हणाली. "मी समोर उभी असते. म्हणते, आई, आले ना मी शाळेतून. तर म्हणते, तुम्ही जरा बाजूला व्हा."

मी म्हटलं, घरी एखादा कुलूपवाला का नाही बोलावला?

"बोलावला होता. परका माणूस घरात आला की ती किंचाळते. म्हणून तर तुमच्याकडे विचारलं." मग म्हणाली, "मला चोर म्हटल्याचं मी गिळलं असतं. पण फोनचा आवाज मोठा होता. आईने ऐकलं. ती सगळं विसरते हो. तेवढं एक विसरली नाही. आता मी ताट घेऊन गेले तरी म्हणते, चोर आली. माझ्या हातचं जेवत नाही. शेजारच्या बाईंना बोलवावं लागतं."

फोन ठेवला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच बाबांच्या खोलीत गेले. ते एक जुनं कुलूप पुसत बसले होते, थरथरत्या हातांनी, मांडीवर पंचा टाकून.

"काय केलंत हे? त्या बाईला चोर म्हणालात?"

"मालकीण म्हणाली मी ओळखत नाही. मी काय आरती ओवाळू?"

"मालकिणीला स्वतःचं नाव आठवत नाही, बाबा! पोटच्या मुलीला ओळखत नाही ती. आणि तुमचा तो शब्द तेवढा धरून बसलीय. मुलीच्या हातचं जेवत नाही आता."

मी अजून बरंच बोलणार होते. सगळं तयार होतं तोंडात. पण बाबांकडे बघितलं आणि गप्प झाले. त्यांनी कुलूप खाली ठेवलं होतं आणि दोन्ही हात पंचाखाली घातले होते, म्हणजे थरथर दिसू नये.

"खातं बंद करून टाक," ते म्हणाले.

"नुसतं खातं बंद करून काय होणार? शब्द परत घ्या. उद्या दुपारी कॉल ठरवते. एक वाक्य बोलायचंय फक्त."

"कोणत्या तोंडाने बोलू? नको. बंद कर."

आणि खिडकीकडे वळले. मी जेवायला हाक मारली तर म्हणाले, "हं." तो "हं" ऐकून माझा जीव अर्धा झाला. देवा, म्हटलं, पुन्हा ते नको. मला हा माणूस खेकसताना हवा आहे.

रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "तू सांग ना तुझ्या वडिलांना." तो म्हणाला, "माझ्या लग्नाला ते तयार व्हायला वर्ष लागलं. आणि मुलगी तर त्यांना पहिल्या दिवसापासून आवडली होती." हे तो मला पहिल्यांदाच सांगत होता. मी म्हटलं, आवडली होती तर वर्षभर तोंड का फुगवलं? "कारण आधी एकदा नाही म्हणाले होते, मग परत कसं घ्यायचं!" अशी ही माणसं. सकाळी मी बाबांपुढे चहा ठेवला आणि एवढंच म्हटलं, "बाबा, ती म्हातारी रोज दार बडवते. उघडून द्यायला तिच्याकडे दुसरं कुणी नाही."

दुपार झाली. मी टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. मोठ्या बाई कॅमेरा बंद ठेवून हजर होत्या, खोकला तेवढा ऐकू येत होता. समोर ती बाई आली. माझ्याच वयाची, केस कसेतरी बांधलेले. तिच्यामागे हिरवट रंगाचं लोखंडी कपाट, आणि कपाटाला पाठ लावून खुर्चीत तिची आई, हातावर हात ठेवून, एखाद्या पहारेकऱ्यासारखी.

"ते येणार आहेत ना?" तिने विचारलं.

मी काहीतरी थाप मारणार, तेवढ्यात मागे स्टूल ओढल्याचा आवाज झाला. बाबा. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. माझ्या शेजारी येऊन बसले. हात टेबलाखाली.

मी टेबलाखालूनच त्यांना कोपर मारलं. म्हणजे, बोला.

बाबांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. त्या बाईकडे त्यांना बघवत नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि तिलाही दिसत असणार. मोठ्या बाई खोकल्या. माझ्या मनात आलं, संपलं. आता हे उठून जाणार आणि जन्मभर खिडकीकडे बघत बसणार.

पण बाबा उठले नाहीत. ते त्या बाईच्या खांद्यावरून मागे बघत होते, खुर्चीतल्या म्हातारीकडे. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मालकीणबाई."

म्हातारीने मान वर केली. "मालकीण" म्हटल्याबरोबर ताठ बसली.

"मी कुलूपवाला. कपाट तुमचं आहे. उघडायचं का?"

म्हातारीने खूप विचार केला. "उघडायचंय," म्हणाली. "पोरगी यायची वेळ झाली."

"बरं. माझे हात चालत नाहीत." बाबांनी खरंच हात वर काढून दाखवले. मी घरात सून असून त्यांनी कधी मला धड दाखवले नव्हते, ते एका परक्या म्हातारीला दाखवले. "दुसऱ्या कुणाच्या तरी हातून उघडावं लागेल. कुणाच्या हातून उघडू, सांगा. तुम्ही सांगाल त्यांच्या."

हे काय भलतंच! ठरलेलं वाक्य बाजूलाच राहिलं आणि हे पुन्हा मालकिणीलाच विचारायला लागले! त्या बाईचा चेहरा पांढरा पडला. आईच्या तोंडून काय येणार ते तिला माहीत होतं. तिने डोळे मिटून घेतले.

म्हातारीने खोलीत इकडे तिकडे बघितलं. खोलीत होतंच कोण?

"ह्यांच्या," ती म्हणाली.

"या कोण?" बाबांनी विचारलं. मला वाटलं, मी आता यांना टेबलाखाली लाथ मारते.

"नाव नाही माहीत मला," म्हातारी म्हणाली. "इथेच असतात. माझे केस विंचरतात. जराही ओढत नाहीत. रात्री पांघरूण सरकलं की येऊन घालतात, मी जागी असते, मला कळतं." मग जरा पुढे वाकून, गुपित सांगावं तशी म्हणाली, "कुणीतरी त्यांना चोर म्हणालं. तेव्हापासून रडतात. तुम्ही त्यांच्याच हातून उघडा. चांगल्या घरच्या आहेत."

मुलीने डोळे उघडले नाहीत. तोंडावर हात धरून तशीच बसून राहिली. मोठ्या बाईंचा खोकलासुद्धा थांबला होता.

"झालं," बाबा म्हणाले, आणि आवाज एकदम दुकानातला झाला. "मालकिणीने सांगितलं. उठा बाई. मालकीणबाईंची खुर्ची जरा बाजूला सरकवा आणि जुडगा घ्या. चाव्या चुकीच्या नाहीत, दार खाली बसलंय. जुन्या कपाटांचं होतं तसं. उजवा गुडघा दाराच्या खालच्या कडेला लावा. आता हँडल धरून दार वर उचला. अजून. जोर लावा जरा, जेवला नाहीत का? हं. आता तसंच धरून चावी फिरवा. ही नसेल तर पुढची."

तिने एक चावी लावली, नाही. दुसरी, नाही. मीसुद्धा इकडे नकळत गुडघा उचलून धरला होता. मग खट्ट झालं. इतकं छान वाजलं ते, की बाबांनी मान डोलावली.

आणि ते स्टुलावर बसल्या बसल्या वळले. लॅपटॉपकडे पाठ, भिंतीकडे तोंड.

तिकडे कपाट उघडलं. खालच्या खणात जुन्या चादरी होत्या, रिकामे डबे होते, एक तुटकी छत्री. वरच्या खणातून म्हातारीने स्वतः हात घालून एक स्वेटर काढला. निळा, एवढासा, कोपरांवर ठिगळं लावलेला. तिने तो झटकला, हुंगला, गालाला लावला. मुलगी शेजारी उभीच होती. म्हातारीने तिच्याकडे बघितलं, स्वेटर तिच्या खांद्यांना लावून मापून पाहिला, आणि हळहळून म्हणाली, "नाही हो. तुम्हाला नाही व्हायचा हा. माझ्या पोरीचा आहे."

"असू दे," मुलगी म्हणाली. "तिला घाला."

"येईलच ती आता." म्हातारी खुर्चीत बसली, स्वेटर मांडीवर पसरला आणि बाह्या नीट करायला लागली. रडली नाही. मग वर बघून म्हणाली, "तुम्हीपण बसा ना. दमलात."

मुलगी जमिनीवरच बसली, आईच्या खुर्चीला टेकून. बऱ्याच वेळाने तिला आमची आठवण झाली. तिने डोळे पुसत लॅपटॉपकडे बघितलं. तिला दिसली एका म्हाताऱ्याची पाठ, इस्त्रीच्या शर्टातली.

"काका असे का बसलेत?"

"कपाट तुमचं आहे म्हणून," मी म्हटलं. "कुलूप उघडलं की ते बघत नाहीत. कधीच नाही."

तेव्हा त्या पाठीतून आवाज आला. भिंतीशी बोलावं तसा, पण स्पष्ट.

"बाई, मी तुम्हाला चोर म्हटलं. तो शब्द मी परत घेतो. मालकीणबाई, ऐकताय ना? या चोर नाहीत. चोर म्हणणारा मी होतो. माझं चुकलं."

म्हातारीने बाह्यांवरून हात फिरवता फिरवता मान हलवली. "बरं झालं बोललात," म्हणाली.

मुलगी म्हणाली, "काका, आत स्वेटर होता. माझा. निळा आहे."

बाबांची मान जरा खाली गेली. इतक्या वर्षांत इतकी कुलपं उघडली, पण आत काय होतं ते त्यांना बोलावून कुणी सांगितलं नव्हतं. "बरं," ते म्हणाले. "थंडीचा उपयोगी पडेल." काय बोलतोय हे त्यांचं त्यांनाही कळलं नसणार.

मोठ्या बाईंनी शेवटी घसा साफ केला. "तक्रारीचं काय करायचं?"

"कसली तक्रार?" ती बाई म्हणाली.

"मग मी काहीच ऐकलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या आणि गेल्या. त्या बाईनेही हात जोडले. स्क्रीनवर शेवटचं दिसलं ते तिचं डोकं आईच्या गुडघ्यावर टेकलेलं, आणि आईचा हात तिच्या केसांत, विंचरल्यासारखा. मग कॉल बंद झाला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कालच्या घड्या तशाच होत्या. बाबा अजून भिंतीकडे तोंड करून बसले होते, हात मांडीवर, थरथरणारे, उघडे.

"सूनबाई," ते म्हणाले, "वळू का आता?"

"थांबा जरा," मी म्हटलं. माझं तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं. मी ओढणीने डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा डोळे पुसले. त्यांनी घाई केली नाही. विचारलं नाही. नुसते पाठ करून बसून राहिले.

"हं," मी म्हटलं. "वळा आता."